नवव्या किलोमीटरवरचा मूर्च्छाविकार

पारोळा,
भाद्रपद वद्य पंचमी, शुक्रवार

स्वस्ति. गिरणातीरीच्या कदलीवनांचे भूषण, जळगावनगरीत चतुर्थमजलानिवासी, वातानुकूलित-चतुश्चक्र-वाहनारूढ, वांग्याच्या भरिताचे कठोर परीक्षक, आम्लपित्तविजयी (निकाल अद्याप राखीव), अखिल शालकवृंदाचे शिरोमणी श्रीमान् प्रेमराजराव यांच्या चरणांपासून योग्य अंतर राखून, पारोळ्याच्या किल्ल्याच्या खंदकाशेजारी चार दिवसांआड येणाऱ्या नळावर जीवन कंठणारा, माध्यमिक संस्कृताध्यापक, प्रत्यही अडतीस किलोमीटर प्रवास करणारा आणि त्यांपैकी काही स्वपदांनी करणारा, त्यांच्या ज्येष्ठ भगिनीचा पती पंडित याचे वाकून नव्हे (कंबर धरली आहे), परंतु उभ्या उभ्या अनेक आशीर्वाद.

तुझ्या आम्लपित्ताची वार्ता हेमांगीकडून कळली. रूपाने सकाळी थंड दूध सुरू केले हे उत्तमच. परंतु त्यावर लगेच तळलेल्या मिरच्या खाल्ल्यास दुधाला एकट्याला दोष देऊ नये. चि. डिंपल शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसणार असल्याचे समजले. तिला माझा आशीर्वाद आणि संस्कृत न घेण्याचा सल्ला. इकडे माझे गुडघे, हेमांगीची झोप आणि स्वयंपाकघराचे छत हे तिन्ही आपापल्या गतीने खचत आहेत. आबांचे वर्तमान पुढे ओघाने येईल.

हे पत्र लिहिण्याचे निमित्त असे. पोळ्याच्या दिवशी तू फोनवरून जो निकाल दिलास, त्यात दोनच वाक्ये होती. पहिले: 'दाजी, ती गाडी आता भंगारात देऊन टाका.' दुसरे: 'आबांना तरी आता कुठे काय कळतंय.' तत्क्षणी तुझी बैठक सुरू झाली आणि फोन बंद झाला. या दोन वाक्यांचे खंडन फोनवर करणे मला अशक्य आहे, कारण विषयास हात घालण्यासच मला चार मिनिटे लागतात आणि तुझ्यापाशी तीन असतात. म्हणून टपालखात्याचा आश्रय घेतला. (पत्राला मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणता येत नाही, हा त्याचा थोर गुण होय.) गाडी आबांनी तुझ्या नावावर करून ठेवली असल्याने तिचे मरण वा जगणे सर्वथा तुझ्या हाती आहे. फक्त फाशीपूर्वी आरोपीची बाजू ऐकावी, इतकीच प्रार्थना.

गाडी म्हणजे एकोणनव्वद सालची मोटारसायकल. आबा तेव्हा चोपड्याला पशुधन पर्यवेक्षक होते, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या सगळ्या गावांतल्या गायीम्हशींचे वैद्य. आणि ही गाडी म्हणजे त्यांचा फिरता दवाखाना. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि आबा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी सोबत आणलेल्या दोन वस्तूंपैकी ही एक. (दुसरी सासूबाईंचा पानाचा डबा.) तेव्हापासून त्यांची स्मृती जी ओसरू लागली, तिचा क्रम तुला ठाऊक आहे: आधी गावांची नावे गेली, मग वार, मग माणसे. गेल्या महाशिवरात्रीला तू आलास, तेव्हा त्यांनी उठून तुला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि अत्यंत अगत्याने विचारले, 'पाव्हना, कोनतं गाव तुमनं?' तू चहा न घेता निघालास. त्यास सात महिने झाले. त्यावर मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. विषय गाडीचा आहे.

आता व्याधीचे स्वरूप. आषाढातील एका सोमवारी, धुळ्याच्या रस्त्यावर नवव्या किलोमीटरला, समोर चढ नाही, मागे ट्रक नाही, मनात पाप नाही, अशा अवस्थेत वाहन प्रथम खोकले, मग गहिवरले आणि मग कडेला जाऊन त्याने प्राण सोडला. मी टाकीचे टोपण उघडून पाहिले. पेट्रोल काठोकाठ. (टाकी सदैव भरलेली ठेवावी असा माझा नेम आहे. सद्गुणांची या जगात काय गत होते, ते पुढे येईल.) टोपण लावले, मृत्युनिवारक मंत्राची सात आवर्तने केली, किक मारली; वाहन जिवंत! अठराव्या किलोमीटरला, म्हणजे शाळेच्या अलीकडच्या वळणावर, जेथे आठवी ते दहावीचा विद्यार्थिवर्ग थव्याथव्याने चालत असतो, तेथे पुनश्च देहत्याग. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी नवव्या किलोमीटरला यथापूर्व.

रोज येणाऱ्या रोगाशी मनुष्य संसार करू शकतो. परंतु जो रोग मनास येईल तेव्हा येतो, तो आज येणार की नाही या चिंतेने मनुष्य आठव्या किलोमीटरपासूनच आजारी पडतो. मी न्यायशास्त्राचा आश्रय केला. दोनशे पानी वही घेतली आणि अन्वय-व्यतिरेकाने कारण शोधण्याचा संकल्प सोडला: अमुक असता गाडी बंद पडते काय, अमुक नसता चालते काय. वहीत तिथी लिहिली, वार लिहिला, नक्षत्र लिहिले, ऊन, पाऊस, वाऱ्याची दिशा, पेट्रोल कोणत्या पंपावरचे, आदल्या दिवशी मी कळण्याची भाकरी खाल्ली होती काय, हेही लिहिले. (वजनाचा संबंध असू शकतो.) मंत्राचीही परीक्षा केली. टोपण उघडून मंत्र म्हटला की गाडी तत्काळ सुरू होई. एकदा पाऊस होता म्हणून टोपण न उघडता नुसताच मंत्र म्हटला, तेव्हा पाऊण तास लागला. मी माझ्या उच्चारांना दोष दिला आणि त्या रात्री जिव्हेला मध चोळला.

एस. टी. स्थानकामागचा वना मिस्त्री हा या प्रांतातील धन्वंतरी. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाशी धरतो आणि डोळे मिटून ऐकतो. त्याने प्लग बदलला. कार्बोरेटर सोडवून रॉकेलमध्ये धुतला. कॉइल बदलली. हँडलखालच्या झिजलेल्या वायरींना पट्टी गुंडाळली. प्रत्येक उपचारानंतर गाडी दोन दिवस, क्वचित तीन दिवस, देवदूतासारखी धावे; मी वनाला पेढे नेऊन देई; आणि पेढ्यांचा पुडा रिकामा होण्यापूर्वी नवव्या किलोमीटरला मूर्च्छा. वनासमोर मात्र ती कधीही बंद पडली नाही. मी संध्याकाळी, घरी धूळ वगैरे पुसून, तिला त्याच्याकडे नेत असे. तो तिला गावातून दोन फेऱ्या मारून आणी आणि माझ्याकडे करुणेने पाहत म्हणे, 'गाडीले काहीच व्हयेल नही, मास्तर. तुमीच भलता इचार करतस.'

एका रविवारी धुळ्यास सुट्या भागांचे व्यापारी अभयकुमार शेठ यांच्या दुकानी गेलो. त्यांनी माझे निवेदन वहीसह शांतपणे ऐकले (शेठजी नित्य सामायिक, म्हणजे जैनांचे ध्यान, करतात, त्यांची सहनशक्ती मोठी आहे) आणि म्हणाले, 'मास्तरसाहेब, असं करा, बंद पडेल ना, तेव्हाच घेऊन या.' मी म्हटले, 'शेठजी, बंद पडते तेव्हाच तर आणता येत नाही.' यावर त्यांनी खरोखर विचार केला, आणि मला एक क्लचची केबल दिली. क्लचचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. परंतु त्या विचारमग्न चेहऱ्यापुढे मला नाही म्हणवेना.

शाळेत आमच्या मुख्याध्यापिका सुनंदाबाई यांनी माझ्या विलंबांचे स्वतंत्र संशोधन आरंभिले होते. 'सर,' त्या सर्वांदेखत म्हणाल्या, 'तुमची गाडी पहिला तास असतो त्याच दिवशी बरी हो दमते?' मी वही दाखवली. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाल्या, 'एवढं पाठटाचण लिहिलं असतं तर!' त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत माझ्या येण्याच्या वेळेला 'मुहूर्त' असे संबोधण्यात येते.

या सर्व काळात आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीकडे पाहत. आषाढातच एकदा, मी घामाघूम होऊन परतलो असता, ते उठले, टाकीवर तळहात टेकवून क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'तिले दम लागस, पंडित.' मी हेमांगीकडे पाहिले, तिने माझ्याकडे. त्याच आठवड्यात त्यांनी गाडीसमोर कडब्याची पेंढी टाकली होती. म्हणून हेही वाक्य आम्ही आजाराचेच समजलो. मी तर ते वहीतही लिहिले नाही. वहीत शास्त्रीय माहिती होती.

अखेर हरतालिकेच्या सकाळी वनाने दुकान बंद ठेवले आणि अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन तो माझ्या मागे बसला. आठ किलोमीटर गाडी निर्धोक धावली. मी आयुष्यात प्रथमच गाडी बंद पडावी म्हणून प्रार्थना करत होतो. नवव्याला ती खोकली. 'मरनी का?' वना मागून ओरडला. 'मरनी! मरनी!' इतका आनंद मी कोणाच्याही निधनाने झालेला पाहिला नाही. खाली उतरून त्याने मला आज्ञा केली की तुम्ही रोज काय करता ते जसेच्या तसे करा. मी टोपण उघडले. 'फुस्स' असा दीर्घ आवाज आला. हा आवाज मी दोन महिने ऐकत होतो, प्रेमराज. परंतु तो माझाच सुस्कारा आहे अशी माझी समजूत होती.

वनाने टोपण माझ्या हातून घेतले, उलटसुलट पाहिले आणि तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून हसू लागला. किल्लीच्या भोकाशेजारी मोहरीएवढे एक छिद्र असते. टाकीतले पेट्रोल जसजसे खाली उतरते तसतशी त्या छिद्रातून हवा आत शिरते. ती शिरली नाही, तर पेट्रोल जागीच अडते आणि इंजिन उपाशी मरते. टाकी भरलेली असेल तर अधिकच लवकर. टोपण उघडले की हवा मिळते आणि गाडी पुन्हा नऊ किलोमीटर जगते. वनाने बाभळीचा काटा मोडला, छिद्र कोरले आणि काट्याचे टोक माझ्या नाकाशी धरले. 'नाक बुजेल शे तिनं, मास्तर. हाई देख. गंध शे हाई, देवनं!'

होय, गंधच होते. रोज नव्हे, परंतु कित्येक सकाळी टोपणावर अष्टगंधाचा ओला, जाड टिळा असे. मला तो दिसत असे. इतकेच नव्हे, तर मी त्याला दोन बोटे लावून ती स्वतःच्या कपाळास लावत असे आणि मगच किक मारत असे. संध्याकाळी ओल्या फडक्याने धूळ पुसताना टिळाही जाई, आणि वनाकडे गाडी पोहोचे ती नाक मोकळे होऊन. मी नक्षत्रे टिपली, वारे टिपले, भाकरी टिपली. टिळा टिपला नाही. सबंध वाहनात संशयातीत अशी ती एकच वस्तू होती.

त्या दिवशी मी विजयी होऊन घरी आलो आणि ओसरीतूनच हेमांगीला सगळा शोध सविस्तर, म्हणजे अर्धा तास, ऐकवला. ती हसेल असे मला वाटले होते. ती उठली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची दिनदर्शिका काढून घेऊन आली. धुळ्याच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती एक टिपण ठेवते: ज्या दिवशी आबा तिला नावाने हाक मारतात, त्या दिवसाच्या चौकोनात निळ्या शाईची खूण. 'तुमची वही आणा,' ती म्हणाली. आम्ही जमिनीवर बसून दोन्ही शेजारी ठेवले. आषाढापासून गाडी बंद पडल्याचे दिवस बावीस. त्यांपैकी एकवीस चौकोनांत निळी खूण. (उरलेला एक दिवस माझा. त्या दिवशी नेम मोडला होता आणि टाकीत खरोखरच पेट्रोल नव्हते.)

म्हणजे असे की ज्या दिवशी ती नवव्या किलोमीटरला मेली, त्या दिवशी आबा जागे होते. त्यांना हेमांगी ठाऊक होती, मी ठाऊक होतो, देवघर कोठे आहे हे ठाऊक होते. आणि ज्या दिवशी ती देवदूतासारखी धावली आणि मी पेढे वाटत हिंडलो, त्या दिवशी ते सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे उठून मी दाराआड उभा राहिलो. आबा स्नान करून आले, हातात देवघरातली वाटी. उपरण्याने त्यांनी टाकी पुसली, अगदी गायीची पाठ पुसावी तशी, आणि टोपणावर अंगठ्याने टिळा लावला. मी पुढे होऊन विचारले, आबा, हे कशासाठी? 'भिकुबाई करे,' ते सासूबाईंचे नाव घेऊन म्हणाले. 'आते ती नही. मंग कोन करी?' एवढा शिकलेला जावई आणि हे विचारतो, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग टाकीवर थोपटून म्हणाले, 'टाकीवर प्रेमराज बसस ना मन्हा.'

(तू तेव्हा पाच वर्षांचा असशील. मी तुला पाहिलेले नव्हते. मला टाकीवर कोणीच दिसले नाही.)

वना म्हणाला, नवे टोपण बसवू. मी नको म्हटले. आबांचा अंगठा जुन्याला सरावला आहे. त्याऐवजी खिशात सेफ्टीपिन ठेवली. आबांनी टिळा लावला की मी नमस्कार करून निघत असे, पिठाच्या गिरणीच्या वळणापर्यंत गंभीर मुद्रेने जात असे, आणि आबांच्या दृष्टीआड झाल्यावर पिनेने देवाचे गंध उकरत असे. असे तीन दिवस झाले. हे पाप कोणत्या प्रतीचे आहे याविषयी ग्रंथांत मार्गदर्शन आढळले नाही.

इत्यर्थ असा की वाहनात दोष नाही आणि तुझे पहिले वाक्य बाद झाले. आबांना कुठे काय कळतंय, या तुझ्या दुसऱ्या सिद्धांतासही एकवीस दिवस बाध आणतात. वही सोबत जोडलेली नाही, कारण तिच्यासह टपाल जड होते. सौ. रूपाला नमस्काराच्या उलट जे असते ते, आणि तुला तेच, किंचित कठोर.

तुझा दाजी,
पंडित

ता. क. गाडी आता उत्तम चालते, हे लिहायचे राहिले. आज अकरा दिवस झाले, ती कोठेही बंद पडलेली नाही. गेल्या रविवारी धुळ्यास जाऊन आलो, तरीही नाही. सुनंदाबाईंनी काल सर्वांदेखत माझ्या वक्तशीरपणाचा गौरव केला. सेफ्टीपिन या अकरा दिवसांत एकदाही खिशातून काढावी लागली नाही. हेमांगी दिनदर्शिका रोज पाहते आणि परत खिळ्याला लावते.

दुसरा ता. क. म्हणून असे कर. ज्या सकाळी टोपणावर गंध दिसेल, त्या सकाळी साडेसहाला मी तुला फोन करीन. मी विषयास हात घालणार नाही, चार मिनिटे घेणार नाही, नुसते 'ये' म्हणेन. तू बैठक असेल तर बैठक सोडून, अंगावर असतील त्या कपड्यांनी निघ. तुझ्या चार चाकांना जळगावहून सव्वा तास पुरे. आबांचे भान बहुधा दुपारच्या जेवणापर्यंत टिकते. त्यापुढची शाश्वती देता येत नाही. तू वाटेत असतानाच ते भान सुटले आणि त्यांनी तुला पुन्हा गाव विचारले, तर गाव सांग आणि या खेपेस चहा पी. फोन उशाशी ठेव. तो वाजेलच असे मी म्हणत नाही. ठेव.

तिसरा ता. क. वनाने सर्व दुरुस्त्यांच्या शेवटी उजव्या बाजूस नवा आरसा बसवून दिला आहे. तो कितीही आवळला तरी पाचव्या किलोमीटरपर्यंत मान खाली घालतो, आणि त्यात मागून येणारे ट्रक न दिसता केवळ माझे पोट दिसते. वना म्हणतो, नट बरोबर शे, आरसा खराब शे. अभयकुमार शेठ म्हणतात, आरसा बरोबर आहे, नट खराब आहे. मी सध्या तो उजव्या हाताने धरून गाडी चालवतो, आणि ॲक्सिलरेटरही त्याच हाताला आहे.